पियानोवर बरोक नाच : बाखची पाचवी फ्रेंच सुइट आणि इतर

मध्यसप्तक

नमस्कार मंडळी. इथे रागसंगीतावर भरभरून लिहिलं जातं. पाश्चात्त्य अभिजात संगीतावर त्या मानाने कमी, आणि जे येतं ते बहुतेक मोठ्या वाद्यवृंदांबद्दल. म्हणून आज जरा वेगळा धागा काढतोय : बरोक काळात (साधारण १६०० ते १७५०) कीबोर्डसाठी लिहिलेल्या नृत्यमालिका, म्हणजे सुइट्स, आणि त्या आजच्या पियानोवर वाजवणं.

सुइट म्हणजे एकाच पट्टीतल्या नाचांची माळ. सतराव्या शतकात फ्रोबेर्गरसारख्या संगीतकारांनी आलमांद, कूरांत, साराबांद आणि जीग हे चार नाच एकत्र आणले. जीग शेवटी, हा क्रम पुढे पक्का झाला. साराबांद आणि जीगच्या मधल्या जागेत मग हौसेने इतर नाच यायला लागले : मिन्युएट, गावोत, बूरे, पासपिए. जर्मन संगीतकार बाखच्या सहा फ्रेंच सुइट्स याच साच्यातल्या. त्यातल्या पहिल्या पाच, १७२२ साली बायकोसाठी, आना माग्डालेनासाठी, सुरू केलेल्या वहीत त्याच्या स्वतःच्या अक्षरात आहेत. सध्या माझ्या पियानोवर यातली पाचवी आहे, जी मेजरमधली. नाच सात : आलमांद, कूरांत, साराबांद, गावोत, बूरे, लूर, जीग.

आता मुद्द्यावर येतो. हे संगीत पियानोवर घेतलं की बरेच जण चाल वर गेली की आवाज वाढवतात, उतरली की कमी करतात, ओळ संपताना रेंगाळतात आणि खाली सूर लांबवणारं पेडल दाबून ठेवतात. ऐकायला गोड लागतं, पण सातही नाच एकाच नाचासारखे लागतात. माझं ठाम मत असं की या सुइट्समध्ये आधी नाच ऐकू आला पाहिजे. आणि नाच पियानोवर बोट किती जोरात पडलं यापेक्षा बोट कधी उचललं यातून जास्त कळतो.

गावोत आणि बूरे शेजारी ठेवून पाहा. दोन्ही दोन ठोक्यांचे, दोन्ही चपळ. पण गावोत अर्ध्या बारावरून (बार म्हणजे ठोक्यांचा एक फेरा) सुरू होतो, म्हणजे पहिल्या ठोक्याच्या आधी दोन पावलं पडून गेलेली असतात. बूरेत मात्र आधी एकच छोटं पाऊल असतं. गावोतची ती दोन पावलं सुटी, हलकी ठेवली आणि तिसऱ्यावर नीट उतरलं की अख्खा नाच ताठ उभा राहतो. त्याच दोन सुरांना लेगाटोने, म्हणजे मधे न तोडता, पुढच्या सुराला चिकटवलं की ऐकणाऱ्याला बार कुठे सुरू झाला हेच कळत नाही, आणि मग पुढचा बूरे आला काय नि न आला काय.

साराबांदचं तंत्र आणखी नाजूक. तीन मात्रांचा संथ नाच, आणि ओढा दुसऱ्या मात्रेकडे. तिथे ठोसा मारला तर वाईट दिसतं. पहिल्या मात्रेचा सूर केसभर लवकर सोडायचा, बारीकशी फट पडू द्यायची, आणि दुसरी मात्रा पूर्ण लांबीची ठेवायची. आवाज तेवढाच राहतो, पण वजन आपोआप येतं. माझ्या शिकवणाऱ्या बाई हे करून दाखवताना डावा हात माझ्या मनगटाखाली ठेवतात आणि नेमक्या क्षणी हलकेच वर उचलतात. ते उचलणं एकदा हाताला कळलं की पुढे सांगावं लागत नाही.

कोण कोण वाजवतं, कोण ऐकतं, सगळ्यांनी लिहा.

धा_धिं_धिं_धा

वा, मस्त धागा. मी तबलेवाला, पियानोतलं फार कळत नाही. धागा वाचून लगेच ती सुइट ऐकली. एक शंका. साराबांदमध्ये ओढा दुसरीवर म्हणता, मग सम दुसरीवर आहे का? मी हाताने टाळी धरायचा प्रयत्न केला तेव्हा मला तरी सम पहिलीवरच वाटत होती.

मध्यसप्तक

तुमचा कान बरोबर आहे. बार पहिलीवरच सुरू होतो, खालचा बास बहुतेक तिथेच हलतो. वरची चाल मात्र दुसरीवर थांबते. तिथे लांब सूर असतो, नाहीतर एखादा खटकणारा सूर जो पुढे जाऊन सुटतो. म्हणजे जमीन एकीकडे आणि नजर दुसरीकडे. दोन्ही एकदम ऐकू येणं हीच त्याची गंमत आहे, म्हणून पहिलीला पुसून टाकायचं नाही.

तबलेवाल्यांनी खरं तर कूरांत ऐकावा. पाचव्या सुइटमधला नको, तो इटालियन धाटणीचा, ३/४ मध्ये (बारात तीन पाव-सूर, म्हणजे क्वार्टर नोट्स) सरळ धावणारा आहे. पहिल्या फ्रेंच सुइटमधला, डी मायनरचा, ऐका. तो ३/२ मध्ये आहे. एका बारात सहा पाव-सूर, आणि ते कधी दोन-दोन-दोन असे पडतात तर कधी तीन-तीन असे. विशेषतः ओळ संपायला येते तेव्हा हा पालट होतो. कधीकधी एका हातात एक हिशेब आणि दुसऱ्या हातात दुसरा.

धा_धिं_धिं_धा

ऐकला. तीनदा ऐकल्यावर सापडलं. लय बदलत नाही, फक्त आतली वाटणी बदलते. हे आमच्या ओळखीचं आहे. पण आमच्याकडे असं काही केलं की समेवर येऊन सांगतात, बघा आलो. इथे काही न सांगता वाटणी बदलून पुढे निघून जातात. पियानोवाल्याने ते ऐकू तरी कसं आणायचं?

ऱ्हाइनकाठ

मी जर्मनीत राहते. इथल्या संगीतशाळेत हौशी लोकांसाठी बरोक नृत्याचा वर्ग असतो, त्यात जाते, आणि हार्पसिकॉर्डही वाजवते. म्हणून दोन गोष्टी लिहिते.

पहिली, धा_धिं_धिं_धा यांच्या प्रश्नाबद्दल. हार्पसिकॉर्डमध्ये तार छेडली जाते. पट्टी दाबली की एक छोटा दांडा वर जातो आणि त्यावरची नखी तारेला खुडते. बोट जोरात मारा की हळू, आवाजात जवळपास फरक पडत नाही. मग ठोका दाखवायचा कसा? आधीचा सूर तोडून, नाहीतर जो सूर महत्त्वाचा त्याला पळभर उशीर करून, नाहीतर त्याखालचे सूर एकदम न वाजवता खालून वर उलगडून. कूरांतमध्ये वाटणी बदलते तिथे नवीन गट सुरू व्हायच्या आधी फट ठेवायची. एवढं पुरतं.

दुसरी गोष्ट मिन्युएटची. सगळे तो एक-दोन-तीन, एक-दोन-तीन असा मोजतात. नाचताना मात्र मिन्युएटचं एक पूर्ण पाऊल दोन बार घेतं. सहा मात्रांत चार पावलं पडतात. आमच्या बाई शिकवतात त्या प्रकारात पहिल्या मात्रेच्या आधी गुडघा वाकतो, पहिलीवर चवड्यावर उठायचं, दुसरीवर परत वाकायचं, तिसरीवर उठायचं, मग चौथी आणि पाचवीवर चवड्यावरच दोन साधी पावलं, आणि सहावीवर पुन्हा खाली. म्हणजे दुसऱ्या बाराची पहिली मात्रा पहिल्या बारासारखी नसतेच. हे अंगात बसलं की दर तीन मात्रांनी हात आपटणं आपोआप बंद होतं. आणि वेगाचा प्रश्नही सुटतो. चवड्यावर माणूस किती वेळ उभा राहील याला मर्यादा आहे, आणि वाकून उठायला लागणारा वेळही शरीरच ठरवतं. त्याहून संथ वाजवलं की नाचणारा डगमगतो, फार भरभर वाजवलं की पाऊल पुरं होत नाही.

जुनी_तबकडी

छान चर्चा. पण माझं थोडं वेगळं मत मांडतो. बाखच्या सुइट्सवर कुणी नाचत नव्हतं. आलमांद तर त्याच्या काळापर्यंत नाचायचा प्रकार म्हणून मागे पडला होता, कीबोर्डवर तो एक गंभीर, विणलेला तुकडा झाला होता. पार्टिटा, म्हणजे बाखच्या अशाच आणखी सहा सुइट्स, त्याने स्वतः छापायला काढल्या. पहिली १७२६ साली, आणि सहाही एकत्र १७३१ साली. त्यांच्या मुखपृष्ठावर त्याने लिहिलंय की हे संगीतप्रेमींच्या मनाच्या आनंदासाठी आहे. पायांसाठी आहे असं नाही लिहिलं. मग पियानोने पायांच्या हिशेबात का अडकायचं? पियानोला हळू-मोठं करता येतं, सूर गाता येतो. तो गाऊ द्यावा.

पियानोवादक दिनू लिपाटीची पहिली पार्टिटा ऐका. १६ सप्टेंबर १९५०, फ्रान्समधलं बेझांसाँ गाव. रक्ताच्या कर्करोगासारख्या आजाराने तो खंगलेला होता, डॉक्टर नको म्हणत होते. त्याने कार्यक्रमाची सुरुवात या पार्टिटाने केली. शेवटी शोपॅंचे वॉल्ट्झ होते, त्यातला एक वाजवायची ताकद उरली नाही. त्याच वर्षी २ डिसेंबरला तो गेला. त्यातली साराबांद ऐकताना मला पावलं आठवत नाहीत. एक माणूस बोलतोय असं वाटतं.

ऱ्हाइनकाठ

लिपाटीबद्दल दुमत नाही, पण त्याच पार्टिटाची शेवटची जीग त्याने कशी घेतली आहे तेही ऐका. डावा-उजवा हात एकमेकांवरून उड्या मारतात आणि ठोका कुठेही लटपटत नाही. तो गातोही आहे आणि नाचतोही आहे. म्हणून तर ते रेकॉर्डिंग आजही ऐकावंसं वाटतं.

आणि बरोक कीबोर्डला हळू-मोठं येतच नव्हतं, हेही पूर्ण खरं नाही. घरात वाजवायला क्लाव्हिकॉर्ड असे. अगदी बारीक आवाजाचा, पण बोटाच्या दाबाने आवाज कमीजास्त होतो, सूर दाबून धरला तर थरथरवताही येतो. फोर्केलने १८०२ साली बाखचं चरित्र लिहिलं, त्यात तो म्हणतो की बाखचं आवडतं वाद्य हेच होतं. फ्रेंच सुइट्स घरगुती वहीतल्या, त्या क्लाव्हिकॉर्डवरही वाजल्या असणार असं मला वाटतं. म्हणून पियानोवर आवाजाची चढउतार करायला माझी मुळीच हरकत नाही. फक्त ती ठोक्याच्या वर बसावी, त्याच्या जागी नको.

मध्यसप्तक

जुनी_तबकडी, आलमांदबद्दल पूर्ण सहमत. पाचव्या सुइटची आलमांद पावलांवर मोजत बसलं तर तिची वाट लागते. तिच्यातली खुबी वेगळी आहे. फ्रेंच लोकांच्या ल्यूट (तारा छेडून वाजवायचं वाद्य) वादनातून आलेली सवय अशी, की सूरसमूह एकदम न वाजवता एकेक सूर सुटा वाजवायचा आणि आधीचे सूर मागे वाजत राहू द्यायचे. पियानोवर हे पेडलने केलं की चाल आणि साथ एकाच चिखलात जाते. बोटाने धरून ठेवलं, म्हणजे कागदावर छोटा सूर असला तरी त्या समूहातला असेल तर पट्टी सोडायची नाही, तर साथ गुंजते आणि चाल स्वच्छ राहते. डाव्या हाताच्या करंगळीला हे जड जातं, पण करून बघा. याच्यासाठी मी पेडलवरचा पाय काढून मागे ठेवतो.

बाकी सहा नाचांत मात्र मी माझ्या मतावर ठाम आहे. नाच कुणी करत नसलं तरी ऐकणाऱ्याला तो माहीत होता. मिन्युएट, गावोत, बूरे तेव्हा खरोखर नाचले जात होते. दुसऱ्या मात्रेवर काय व्हायचं हे ज्याला पाठ आहे त्याला बाखने तिथे काय वेगळं केलं ते कळतं. साराबांदचं तर आयुष्यच केवढं. १५८३ साली स्पेनमध्ये अश्लील म्हणून या नाचावर बंदी आली होती. तोच नाच फ्रेंच दरबारात जाऊन संथ आणि धीरगंभीर झाला, आणि बाखकडे येईपर्यंत सुइटचा सगळ्यात खोल भाग झाला. मूळ नाचातला तो झोक दुसऱ्या मात्रेत उरला आहे असं मला ऐकताना नेहमी वाटतं.

नवशिकी

सगळ्यांचे प्रतिसाद वाचतेय, खूप शिकायला मिळतंय. मी मोठेपणी शिकायला लागले, घरी डिजिटल पियानो आहे. मला यातलं काय झेपेल? आणि पट्ट्यांना खऱ्या पियानोसारखा भार नसेल तर या सगळ्या फटी-बिटी जमतात का?

ऱ्हाइनकाठ

नवशिकी, तुमच्याकडे एक मोठी सोय आहे. डिजिटल पियानोत हार्पसिकॉर्डचा आवाज असतोच. तो लावा आणि सेटिंगमध्ये जाऊन टच सेन्सिटिव्हिटी बंद करा. आता तुम्ही कितीही जोर लावा, आवाज तेवढाच. मग गावोतचे पहिले आठ बार वाजवा आणि मोबाईलवर ध्वनिमुद्रण करा. ठोका ऐकू येतोय का पाहा. येत नसेल तर फक्त सूर सोडण्याची वेळ बदलत राहा, येईपर्यंत. ते जमलं की परत पियानोच्या आवाजावर या. फरक स्वतःलाच ऐकू येईल.

झेपायचं म्हणाल तर सहाव्या फ्रेंच सुइटमधलं मिन्युएट घ्या. दोन आवाज, छोटं, आणि त्यात ते सहा मात्रांचं पाऊल छान बसतं. जीगला मात्र एवढ्यात हात घालू नका.

मांडवीकाठ

धागा उशिरा पाहिला. मी गोव्याचा, लहानपणी पाद्रींच्या शाळेत सोल्फेज (सूर वाचून म्हणणं) आणि व्हायोलिन शिकलो, पियानो नंतर. घरी जुना उभा पियानो आहे, आजोबांच्या वेळचा. पावसाळ्यात दमटपणाने लाकूड फुगतं, काही पट्ट्या वर यायला वेळ लावतात. मग बाखमधल्या ट्रिल आणि मॉर्डंट (दोन शेजारचे सूर भरभर आलटून पालटून वाजवायचे अलंकार) काढणं म्हणजे परीक्षा. यावर मला एक उपाय सापडलाय. ट्रिल करताना पट्टी पूर्ण वर येऊ द्यायची नाही, अर्ध्यावरूनच परत दाबायची, आणि ठोके मोजून कमी करायचे. चार सुरांची ट्रिल स्वच्छ वाजली तर आठ सुरांच्या घाईपेक्षा ती शोभते. सुरुवात वरच्या सुरावरून. बाखने आपल्या नऊ वर्षांच्या मुलासाठी, विल्हेल्म फ्रीडमनसाठी, १७२० साली वही सुरू केली, तिच्या सुरुवातीला अलंकारांचा तक्ता आहे. त्यात ट्रिल तशीच उलगडून दाखवली आहे.

एक आवडती जागा सांगतो. बाखच्याच इंग्लिश सुइट्सपैकी तिसरी, जी मायनर. तिच्यात दोन गावोत आहेत. दुसरा जी मेजरमध्ये आहे आणि त्याला म्युझेटही म्हटलं आहे. म्युझेट म्हणजे फ्रेंच पिशवी-बासरीचा प्रकार, त्यात एक सूर सतत वाजत राहतो. बाखने इथे खाली जी धरून ठेवला आहे. आपल्या कानाला तो सूर लगेच घरचा वाटतो. हार्पसिकॉर्डवर किंवा पियानोवर धरलेला सूर विरत जातो, म्हणून तो मधूनच पुन्हा वाजवणारे वादक आहेत, मीही वाजवतो. कुणाला चालत नसेल तर सांगा.

जुनी_तबकडी

मला चालतं. सुरेख जागा आहे ती.

आता पुनरावृत्तीबद्दल बोलूया का? प्रत्येक नाच दोन भागांचा, आणि प्रत्येक भाग दोनदा. पियानोवादक ग्लेन गूल्डने १९७० च्या दशकाच्या सुरुवातीला फ्रेंच सुइट्स ध्वनिमुद्रित केल्या, त्यात तो बऱ्याच ठिकाणी पुनरावृत्ती गाळतो. त्याचे सुटे सुटे, टोकदार सूर मला फार आवडतात, मध्यसप्तक म्हणतात तो नाचही त्यात आहे. पण पुनरावृत्ती गेली की नाच अर्धवट वाटतो. उलट अँजेला ह्यूइट सगळं दोनदा वाजवते आणि दुसऱ्या वेळी अलंकार बदलते. ती लहानपणापासून बॅले शिकलेली, ते तिच्या बूरेत आणि गावोतमध्ये कळतं. अंद्रास शिफचंही तसंच, पेडलला तो जवळपास हातच लावत नाही, म्हणजे पायच लावत नाही.

मध्यसप्तक

दुसऱ्या वेळी काय बदलायचं याचा धडा खुद्द बाखने लिहून ठेवला आहे. दुसऱ्या आणि तिसऱ्या इंग्लिश सुइटमध्ये साराबांद आधी साधी दिली आहे, आणि मग त्याच साराबांदची अलंकारांसह दुसरी प्रत. दोन्ही पानं शेजारी ठेवून बसावं. तिसरीतल्या साराबांदमध्ये खालचे सूर बहुतेक तसेच आहेत. वरची चाल मात्र जिथे लांब सूर होता तिथे वळणं घेत पुढच्या सुरापर्यंत जाते. महत्त्वाचं म्हणजे दुसऱ्या मात्रेचा ओढा तिथेही शाबूत आहे. अलंकार त्या ओढ्याच्या दिशेने जातात, त्याला बुजवत नाहीत. माझ्या मते फ्रेंच सुइट्समध्ये आपण स्वतः काही घालणार असू तर हीच कसोटी लावावी. नाचाचा ठोका आधी जितका कळत होता तितका अलंकारानंतरही कळतो का?

धा_धिं_धिं_धा

हे पटलं. आमच्याकडेही ठेका भरताना मूळ बोल हरवले की गुरुजी हात थांबवतात.

बाख सोडून इतर कुणाचं ऐकावं?

ऱ्हाइनकाठ

हँडेल नक्की. १७२० साली त्याने लंडनमध्ये आठ सुइट्स छापल्या, कारण त्याच्या नकळत चुकीच्या प्रती बाहेर फिरत होत्या. त्याचं लिखाण बाखपेक्षा मोकळं आहे, बरंच काम वाजवणाऱ्यावर सोडलेलं. सातव्या सुइटच्या शेवटची पासाकाय ऐका, जी मायनरमधली. तेच चार बार फिरून फिरून येतात आणि वर काय काय होत जातं. पियानोवर ती फार भारदस्त होते. स्व्यातोस्लाव रिख्तर आणि आंद्रेई गाव्रिलोव यांनी १९७९ साली फ्रान्समधल्या एका वाड्यात हँडेलच्या सुइट्स वाटून घेऊन वाजवल्या, ते रेकॉर्डिंग उपलब्ध आहे.

आणि फ्रेंच मंडळी. कूप्रँचे हार्पसिकॉर्डच्या तुकड्यांचे चार खंड १७१३ ते १७३० मध्ये आले. त्याचा एकेक तुकडा म्हणजे एखादं व्यक्तिचित्र. पियानोवर कूप्रँ बाखपेक्षा अवघड जातो, कारण त्याचा जीव हार्पसिकॉर्डच्या तारेतच आहे. रामो मात्र पियानोवर छान येतो. त्याचा ए मायनरमधला गावोत आणि त्याची सहा रूपं ऐकाच. साधा, थोडा उदास गावोत, आणि मग एकेका रूपात हात मोकळे होत जातात.

मांडवीकाठ

रामोला +१. हा गावोत ज्या संग्रहात आहे त्याच संग्रहात 'ले सोवाज' नावाचा तुकडा आहे. १७२५ साली पॅरिसमध्ये अमेरिकेतल्या मूळ रहिवाशांचा नाच रामोने पाहिला, त्यावरून तो सुचला. पुढे त्याने तो आपल्या ऑपेरातही वापरला. डाव्या हाताच्या उड्या मोठ्या आहेत, पण ठोका इतका पक्का की हात आपोआप जागेवर पडतो.

नवशिकी

हार्पसिकॉर्डचा आवाज लावून गावोत वाजवून पाहिला! पहिल्यांदा ऐकलं तेव्हा सगळे सूर एका ओळीत लोळत होते. मग ते सुरुवातीचे दोन सूर तोडले. खरंच बार दिसायला लागला. फक्त एक अडचण. उजवा हात तोडते तेव्हा डावाही तुटतो. दोन्ही हात वेगवेगळे कसे सोडायचे?

मध्यसप्तक

सगळ्यांचंच तसं होतं. हे करून पाहा. डावा हात एकटा घ्या आणि त्यातले पाव-सूर सगळे सारख्या लांबीचे, किंचित सुटे वाजवा, कुणीतरी शांतपणे चालतंय असे. त्या चालीत उजव्या हातासाठी काही बदल करायचा नाही. उजवा हात वाजवू नका, त्याची ओळ तोंडाने म्हणा, आणि सुरुवातीचे दोन सूर म्हणताना मधे श्वास घ्या. तोंड आणि डावा हात वेगळे झाले की मग उजवा हात जोडा, अर्ध्या वेगाने. दोनच बार घ्या, पुढे जाऊ नका. जमलं की इथे सांगा, मग बूरेकडे वळू, कारण तिथे डाव्या हाताचं काम पूर्ण वेगळं आहे.